विल्माचे दोनशे चौदा श्वास

"माझे श्वास कुठे गेले?"

"कापले."

"सगळे?"

"दोनशे चौदा. पाद्रीबुवांनी मोजून सांगितलं."

"अगं, माणूस वाचताना श्वास घेतो, इशबेल."

"घे की. लोकांनी बातम्या मागवल्यात, तुझी फुप्फुसं नाही."

"आणि बोझी वॉटचं काय?"

"त्याचं काय? जिवंत आहे ना तो?"

"आहे. तोच तर घोळ आहे."

या दोघी नणंद-भावजय. आमच्या बंदराचं साप्ताहिक डोळ्यांनी वाचता येत नाही अशी एकेचाळीस माणसं आहेत. त्यांच्यासाठी विल्मा दर बुधवारी चर्चमागच्या खोलीत ते मोठ्याने वाचते. मग ते ध्वनिमुद्रण साफसूफ होऊन, बोटभर पेनड्राइव्हवर चढून, गुरुवारच्या टपालाने घरोघर जातं. सात वर्षं इशबेल त्या एकेचाळिसांतली एक होती. आता ती ध्वनिमुद्रणातल्या चुका कापायला बसते.

त्याआधी चौतीस वर्षं तिने मासळीच्या शेडमध्ये हॅडॉक मासे साफ केले. मधुमेहाने डोळे गेले आणि माणसं तिच्या हातातून एकेक वस्तू काढून घेऊ लागली. आधी सुरी, मग किटली, मग इस्त्री. सगळी अगदी प्रेमाने. संगणक तेवढा कुणी काढून घेतला नाही, कारण तो तिला जमेल असं कुणाला वाटलंच नव्हतं.

पडद्यावर जे असेल ते संगणक बोलून दाखवतो. लग्न असो की मयत, सूर एकच, म्हणून इशबेल त्या आवाजाला पाद्रीबुवा म्हणते. एका कानात पाद्रीबुवा, दुसऱ्या कानात विल्मा. बाणाच्या बटणाने मागे-पुढे सरकायचं, चूक सुरू होते तिथे एक खूण, संपते तिथे दुसरी, सांधा ऐकून बघायचा आणि मधलं उडवायचं. "काटा कुठे आहे ते हाताला कळायचं," ती म्हणते, "आता कानाला कळतं."

पहिल्या आठवड्यात सुरुवातीचा नमस्कार तिने स्वतः बोलून घातला, पण हेडफोन लावायला विसरली. त्यामुळे पाद्रीबुवांचा आवाजही त्यात आला आणि एकेचाळीस घरांत ऐकू गेलं, "नमस्कार मंडळी, मी इशबेल, बॅटरी बारा टक्के." तक्रार कुणी केली नाही. तिघांनी फक्त तब्येतीची चौकशी केली.

या कामाच्या समितीने तिला चार आठवडे दिले होते; विल्माचंही त्या समितीत एक मत. पाचव्या सोमवारी दुपारी तीनला ठरणार होतं, की काम तिच्याकडे राहील की परत गॉर्डनकडे जाईल. गॉर्डन पडद्यावरच्या आवाजाच्या रेघा बघून कापायचा. तोवर खोलीची किल्ली विल्माच्या खिशात.

चौथ्या आठवड्यात इशबेलला संगणकात एक हुकूम सापडला. एक बटण दाबलं की सगळ्या शांत जागा एकदम नाहीशा. चौतीस वर्षं एकही काटा न ठेवायची सवय. तिने बटण दाबलं आणि वीस मिनिटं वाचवली.

आमच्याकडे आडनावं तीनच, आणि जेम्स वॉट सात. म्हणून छापताना घराण्याचं टोपणनाव जोडतात. त्या अंकात दोन निवेदनं लागोपाठ होती. घरी शांतपणे वारले, जेम्स वॉट, लॅटिन. आणि जेम्स वॉट, बोझी, कंबरेच्या शस्त्रक्रियेत मदत केल्याबद्दल शेजाऱ्यांचे आभार मानतात. दोहोंच्या मध्ये विल्माने एक लांब श्वास घेतला होता. तो गेला, दोन्ही नावं एकाच माणसाची वाटली, आणि लॅटिनऐवजी बोझी गेला. कागद उघडून खात्री करून घेणार कोण? ऐकणाऱ्यांना वाचता येत असतं तर ते ऐकत कशाला बसले असते?

शुक्रवारी दुपारपर्यंत बोझीच्या दारात, मयताच्या घरी पोचवतात तशी, सँडविचची चार तबकं आणि शॉर्टब्रेड बिस्किटांचा डबा. दार त्याने स्वतःच उघडलं, कुबड्या घेऊन.

"घरच्यांसाठी आणलंय," ऐकणाऱ्यांतली नेटा मेअर म्हणाली.

"घरचे दुःखात आहेत," बोझी म्हणाला. "पण ठेव तू."

"लॅटिनच्या घरी मात्र आपल्या ऐकणाऱ्यांचं एकही तबक पोचलं नाही," विल्मा आता सांगत होती. "त्याच्या बायकोने मला फोन केला. रागावून नाही. नुसतं विचारलं, की आमचं काही चुकलं का."

इशबेलची बोटं बटणांवरून उठली.

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तू श्वास मोजत होतीस."

भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. अडीच वाजायला आले होते, आणि तीनला समिती बसणार होती.

"मूळ प्रत आहे माझ्याकडे," इशबेल म्हणाली. "पण तुझा तो श्वास घालणार नाही, त्यात खोकला आहे. तिथे शांतता घालते. चुकीची दुरुस्तीही घालते, माझ्या आवाजात. आजच्या टपालाने जाईल. लॅटिनकडे मी स्वतः जाईन."

"घाल मग शांतता."

"नुसती कोरी घातली तर यंत्र बंद पडल्यासारखं वाटतं. मागे घातली होती, सहा जणांनी पेनड्राइव्ह परत पाठवले. या खोलीचीच शांतता लागते. घड्याळ, हीटर, बाहेरचे पक्षी. दहा सेकंद गप्प बस."

"बसते."

इशबेलने बटण दाबलं.

"श्वास घेतला तर चालेल का?" विल्माने विचारलं.

इशबेलने थांबवलं, पुसलं, पुन्हा दाबलं.

"नाही, गॉर्डनने चार वर्षांत मला कधी गप्प बसवलं नाही, एवढंच म्हणते."

"त्याने तुझा खोकलाही कधी काढला नाही. चार वर्षं गाव तो ऐकतंय."

"गावाला आवडतो."

"विल्मा."

"बरं."

तिसऱ्यांदा बटण. तीन सेकंद गेले, चार गेले. हीटर टिकटिकत होता. पाचव्याला इशबेललाच राहवलं नाही.

"मत कुणाला देणार आहेस?"

खुर्ची सरकली. कोट हुकावरून निघाला. बारा पावलं टेबलापर्यंत आली, आणि इशबेलच्या डाव्या हाताजवळ, तिला चाचपडावं लागू नये इतक्या जवळ, किल्ली ठेवली गेली. मग दार उघडलं, पक्षी मोठ्याने ऐकू आले, आणि दार लागलं.