टोकाचा वाफा

रिक्षातून उतरताना बाबाचं डोकं दांड्यावर आपटलं, म्हणून खोपटच्या डॉक्टरांनी एमआरआय काढायला लावला. माराचं काहीच निघालं नाही. निघाले ते मेंदूतले पांढरे ठिपके! केसासारख्या रक्तवाहिन्या कधीतरी बुजलेल्या आणि बाबाला पत्ताच नाही.

"बीपीची गोळी रोज, मीठ कमी," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर पुढे चालणं बिघडेल, आठवण जाईल."

मीठ कमी! कोलशेतच्या मिठागरात अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाला! बाबाच्या ताटात आजही मिठाचा वेगळा ढीग लागतो.

घरी येताच त्याने गोळ्या फ्रिजवर टाकल्या. "डोकं दुकत नाय, चक्कर नाय. मना काय झालंय?"

आमच्या घरात कॉलेज पास झालेली पहिली मी. बीएस्सी. रिपोर्ट अख्खा वाचलेला, शब्द न् शब्द. कॅलेंडरचं पान उलटं करून मी मेंदू काढला. जाड नळ्या, त्यांना फुटलेल्या बारीक नळ्या.

"ही काय कोलंबी काढलीस गो?"

"हस तू! जाड नळी चांगली आहे. टोकाची बुजते तेव्हा काही कळतच नाही."

बाबा हसायचा थांबला. माझ्या हातातली पेन्सिल घेऊन त्याने बाजूला मिठागराच्या रेघा ओढल्या. "ही खाडी. ही उघाडी, भरतीचं पानी आत घ्यायचा दरवाजा. हा मोठा चर. सगला झकास. पन टोकाच्या वाफ्याचा बोटभर चर चिखलानं बुजला तर आवाज होतो? वाफा सुकला का मगच कलतं."

"बाबा, हेच! हेच लिहिलंय!" मी उडीच मारली. तीन वर्षं शिकून मला सांगता येईना, ते त्याने चार रेघांत सांगितलं.

"मग उकरता येतात हे चर?" त्याने विचारलं.

"बुजलेले नाही येत. राहिलेले जपायचे."

त्याने पेन्सिल ठेवून फ्रिजवरच्या गोळ्या काढल्या. मग आईला म्हणाला, "पानी आन गो." आणि गोळी गिळली! मला नाचावंसं वाटत होतं.

जेवताना आईने सवयीने मीठ वाढलं.

"उचल ते. पन खारा बांगडा मी सोडनार नाय."

"बाबा!"

"बरं, आयतवारी एक."

आठवड्याने त्याचा मिठागरातला जुना जोडीदार आलेला. बीपीचं काढलं तर म्हणे, मना काय धाड भरलीय? बाबाने कॅलेंडरचं पान त्याच्यापुढे पसरलं. "तुजी उघाडी मजबूत हाय रं. टोकाचा वाफा कवा बघितलास? चल, बीपी मोजून येऊ." चपला घालता घालता माझ्याकडे वळला. "तू पन चल. कागद वाचायला आपली ग्रॅज्युएट नको?"