मावशीसाठी फादर आले होते का

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, चर्चमधल्या पापनिवेदनातसुद्धा नाही. माझी मावशी वारली तेव्हा घरच्यांनी विचारलं, "फादर येऊन पवित्र तेल लावून गेले ना?" मी "हो" म्हणालो. मरणाच्या दारातल्या आजाऱ्याला फादर प्रार्थना म्हणून हे तेल लावतात; मी फादरांना बोलावलंच नव्हतं.

आई गेल्यावर मला वाढवलं ते या मावशीनं. हॉस्पिटलात तिच्याजवळ मीच होतो; तिची मुलगी, माझी ताई, तेव्हा परदेशात नोकरीला. मावशीनं दोनदा सांगितलं, "फादरला आन रे. तेल लावलं म्हनून मानूस लगेच मरत नाय." मी "उद्या" म्हणालो. मला तीच तर भीती होती. आईला सकाळी तेल लावलं आणि दुपारी ती गेली, हे माझ्या डोक्यातून कधी निघालंच नाही. तिसऱ्या दिवशी मावशीनं फादरांचा विषय काढला नाही. मला चक्क सुटल्यासारखं वाटलं. त्याच दुपारी ती गेली.

ताई विमानतळावरून थेट आली. माझं "हो" ऐकून तिचं रडणं जरा ओसरलं. "मग शांतपणे गेली असेल," म्हणाली. माझा शब्द परत घ्यायचं धाडस मला झालं नाही. पुढे वर्षभर मी रविवारी चर्चमध्ये मिस्साला मागच्या बाकावर बसायचो, कम्युनियनची पवित्र भाकर घ्यायच्या रांगेत जायचो नाही; पाप कबूल न करता ती घेता येत नाही. बायको विचारायची, मी पाय दुखतो म्हणायचो. खोट्यावर खोटं. प्रार्थनेला बसलो की मनात यायचं: दाराकडे बघत तिनं वाट पाहिली असेल का? मी तिला रिकाम्या हातांनी पाठवलं का?

नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, निर्मळच्या दफनभूमीत मी तिची कबर धूत होतो. शेजारी एक बाई आपल्या आईवडिलांच्या कबरीवर शेवंती मांडत होती.

"अरे, धुतोस का बुडवतोस तिला? किती पानी!" मग क्रुसावरचं नाव वाचून ती थबकली. "तू मार्थाबायचा भाचा नी? माझी सासू तिच्या बाजूच्या खाटेवर होती. आम्ही उमेळ्याचे."

मी मान हलवली.

"सासूला तेल लावायला फादर आलेले. तू घरी आंघोळीला गेलेलास. मार्थाबायनं हात वर केला. म्हनते, 'मला पन लावा, फादर. माझा पोरगा घाबरट हाय, तो काय तुम्हांला बोलवायचा नाय.' फादर पन हसले. मंग आम्हांला दम दिला, 'त्याला सांगू नका, उगाच जीव घाबरा करून घेईल.'"

मी तिथंच ओल्या मातीत बसलो. तिनंच सांगितलं, ती दरवर्षी संध्याकाळी यायची, त्या दिवशी ओळखीची रिक्षा सकाळीच मिळाली म्हणून सकाळी आली होती. यावर मी जास्त बोलत नाही. एवढंच म्हणतो की मी अडवून धरलेली वाट देवानं बाजूच्या खाटेवरून काढली. कुणी कधी जायचं हे जणू माझ्या हातात होतं, अशा थाटात मी दोन दिवस दार राखत बसलो होतो. आणि ती माझी भीती सांभाळत होती, मरतानासुद्धा. त्यासाठी मी रोज देवाचे आभार मानतो.

माझं "हो" खरं निघालं, पण मी बोललो तेव्हा ते खोटंच होतं. ताई नाताळला येते आहे. तिच्या आईनं माझ्याकडे दोनदा फादर मागितले आणि मी आणले नाहीत, हे मला तिला सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.