दुसऱ्या अल्बममधलं ‘रा’

माझ्या धाकट्या भावाच्या दुसऱ्या अल्बमबद्दल लोकांनी जे काही लिहिलं आहे, ते जवळपास सगळं मी मोठ्यानं वाचलं आहे. मोठ्यानं म्हणजे अक्षरशः ओरडून. ऐकणारे आमचे वडील, आणि जन्मभर यंत्रमागाच्या खटखटाटात उभं राहून त्यांच्या कानांची पार वाट लागलेली. वडिलांना आम्ही नायना म्हणतो, ते मला लाडानं अम्मा म्हणतात. आमच्या घरात तेलुगू बोलतात आणि उंबऱ्याबाहेर मराठी. सोलापूरच्या पूर्व भागात अशी घरं गल्लोगल्ली आहेत.

भाऊ एका रॅप-रॉक बँडमध्ये गायचा. गायचा कसला, भांडायचा, असं मी त्याला चिडवायची. पहिल्या अल्बममध्ये सगळी भांडणंच होती. चार-चार दिवसांनी येणाऱ्या नळाशी भांडण, कॉलेजशी भांडण, एका गाण्यात तर सरळ माझ्याशी. मागे गिटार करकरायची, ड्रम बडवले जायचे आणि हा एका दमात इतकं बोलून जायचा की शाळेत मराठी शिकवणाऱ्या मला त्यातलं निम्मं कळायचं नाही. वर्गातल्या पोरांना मात्र सगळं तोंडपाठ.

दुसरा अल्बम त्यांनी पुण्यात राहून केला. तो आला आणि ऐकणाऱ्यांचं बिनसलं. भावाचा आवाज त्यात खाली आला होता, शब्द कमी झाले होते, दोन गाण्यांत तो चक्क गायला होता. लोकांनी गाण्यांखाली धडाधड लिहायला सुरुवात केली. पोरांना पुण्याचं पाणी लागलं. रॅप कमी आणि रडगाणं जास्त. शेंगाचटणी मागितली तर साखर दिली. गिटारवाला सुट्टीवर होता काय? सांगलीच्या कुणी एकानं मात्र लांबलचक लिहिलं होतं, की पहिल्या अल्बममध्ये हा माणूस जगावर ओरडत होता, आता तो कुणा एकाशी बोलतोय आणि ते जास्त अवघड आहे. भावानं त्याचा फोटो काढून मला पाठवला आणि खाली लिहिलं, बघ, एकाला तरी कळलं.

हे सगळं श्रावणाच्या आधीचं. नारळी पौर्णिमेला आमच्याकडे मार्कंडेयाचा रथ निघतो, त्या दिवशी घरचं माणूस कुठेही असलं तरी येतं. भाऊ आदल्या दिवशी मोटारसायकलवर निघाला. मोहोळ सोडलं, आलोच, असा मेसेज मला आला. मी भात टाकला. मोहोळच्या अलीकडे एका टेम्पोनं त्याला उडवलं होतं, हे मला पोलिसांच्या फोनवरून कळलं.

आई आम्ही लहान असतानाच गेली होती, त्यामुळे घरात उरलो नायना आणि मी. कितीतरी दिवस आम्ही एकमेकांशी जेवणाखाणापुरतंच बोललो. मग एकदा मी शाळेतून आले, चहा ठेवला, आणि नायनांनी विचारलं, त्याच्या गाण्याबद्दल लोक काय म्हणतात? त्यांना गाणं ऐकू येत नव्हतं. मोबाइल कानाला लावला तरी नुसती घरघर, असं ते म्हणायचे. मुलानं केलेली वस्तू त्यांना फक्त लोकांच्या मतांतूनच कळू शकत होती. मग रोज चहाबरोबर वाचन सुरू झालं.

नायना प्रत्येक मत गिऱ्हाइकाची तक्रार ऐकावी तसं ऐकायचे. आवाज मऊ झालाय, असं मी वाचलं की विचारायचे, ‘मऊ म्हणजे वाईट? टॉवेल तर मऊच लागतो.’ कुणी शिवी दिलेली असली तर मी ती गाळून टाकायची. माझा स्वभाव मुळात तिखट, अशा वेळी फोन भिंतीवर आपटावासा वाटायचा. त्याहून जास्त राग यायचा तो तिसरा अल्बम कधी, असं विचारणाऱ्यांचा. त्यांचा काही दोष नव्हता, त्यांना माहीतच नव्हतं. तरीही यायचा. ते मात्र मी नायनांना कधीच वाचून दाखवलं नाही.

खरी गंमत शेवटच्या गाण्याखाली चालली होती. गंमत हा शब्द मला तेव्हा सुचायचा, म्हणून लिहिते. त्या गाण्याचं नाव इंग्रजी लिपीत नुसती दोन अक्षरं, रा. शेवटी ड्रम थांबतात आणि दोन आवाज तेवढंच म्हणत राहतात, रा, रा रा, रा. एक आवाज भावाचा, दुसरा गिटारवाल्याचा. हा रा म्हणजे काय, यावरून ऐकणाऱ्यांत जुंपली होती. एक बाजू म्हणायची, हे तेलुगू आहे, रा म्हणजे ये. दुसरी म्हणायची, कशाला तेलुगू, आपल्याकडे गावात ‘हितंच ऱ्हा’ म्हणतात ना, तोच हा ऱ्हा, म्हणजे थांब, जाऊ नको. एकानं तर ‘दारात निरोप घेणाऱ्या माणसाचं गाणं’ असा अर्थ लावून भलामोठा निबंध लिहिला होता. मराठीची शिक्षिका म्हणून मी त्याला चांगले मार्क दिले असते.

मला उत्तर माहीत होतं. नायनांना फोनवर समोरचं काही ऐकू यायचं नाही, म्हणून ते स्वतःचंच बोलून मोकळे व्हायचे. भाऊ पुण्याला गेल्यापासून त्यांचा प्रत्येक फोन एकाच वाक्यावर संपायचा. ‘इंटिकि रा रा.’ घरी ये रे. आणि तो काही म्हणायच्या आत पुन्हा, रा, रा रा, रा. भावानं ते जसंच्या तसं उचललं होतं, बापाच्या चालीसकट. अल्बम आला तेव्हा मी नायनांना हे सांगितलं होतं आणि बापाची चेष्टा करतो म्हणून ते खूप हसले होते.

तरीही ते रोज विचारायचे, आज कोण काय म्हणतंय? ऱ्हा म्हणणारे वाढले की त्यांचा चेहरा सैल व्हायचा. ये म्हणणारा कुणी जोरात असला की ते चहा अर्धा टाकून उठायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, मी लिहून टाकते खरा अर्थ, मिटवते भांडण. त्यांनी माझा हात धरला. नको, म्हणाले, लोकांना काय वाटायचं ते वाटू दे. म्हातारपणी माणसाला कशातही विरंगुळा लागतो, असं मी मनाशी म्हटलं.

वर्ष होत आलं तेव्हा गिटारवाला घरी आला. वेळापूरचा पोरगा, कॉलेजसाठी सोलापुरात आला तेव्हापासून आमच्याकडे जेवलेला. बँड मोडला होता, तो पुण्यातच नोकरी करत होता. बराच वेळ तो भावाच्या फोटोकडे न बघता बसला. नायनांनी त्याला आधी पोटभर खायला लावलं आणि मग मराठीत विचारलं, त्या गाण्यात तुम्ही दोघं काय म्हणता?

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नायना फोनवर म्हणायचे तेच रा, म्हणजे ये, हो ना? जोरात बोल.

‘काका, खरं सांगू? मला शेवटपर्यंत वाटलं त्यो ऱ्हा म्हनतोय. मी बी ऱ्हाच म्हनत हुतो. तुमच्या फोनचं मला म्हाईतच न्हाई.’

मग त्यानं अडखळत बाकीचं सांगितलं. भावाला पुण्यात करमत नव्हतं. अल्बम झाला की बँड सोडून कायमचं सोलापूरला जातो, नायना थकलेत, असं तो म्हणायला लागला होता. गिटारवाला त्याची समजूत घालायचा, हितंच ऱ्हा, आत्ता कुठं नाव होतंय. आणि रेकॉर्डिंगच्या दिवशी माइकसमोर भाऊ रा म्हणायला लागला तेव्हा याला वाटलं, आपल्याच बोलण्याचं त्यानं गाणं केलं. म्हणून यानं समोर उभं राहून, त्याच्याकडे बघत, जीव तोडून दुसरा आवाज दिला.

म्हणजे दोन्ही बाजू बरोबर होत्या. एकाच माइकसमोर एक जण ये म्हणत होता आणि एक जण थांब म्हणत होता, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. मला एकदम हसू आलं आणि लगेच रडू फुटलं. गिटारवाला काका, काका करत नायनांच्या पायाशी बसला.

नायनांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ‘तू ऱ्हा म्हनलास. मी ये म्हनलो,’ ते शांतपणे म्हणाले. ‘त्यानं माझं ऐकलं.’

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की इतके महिने ते चहाबरोबर काय मागत होते. गाण्यात थांब आहे असं कुणीतरी खात्रीनं म्हणावं, एवढंच. म्हणजे आपल्या मुलाला घरी बोलावणारा तो शब्द आपला नव्हता, असं थोडा वेळ तरी वाटलं असतं. रोज ओरडून ओरडून मी त्यांच्यापुढे काय वाचत होते, हे माझं मलाच कळलं नव्हतं.

मी त्यांच्या जवळ सरकले आणि म्हटलं, नायना, त्याला यायचंच होतं, तो स्वतःच्या मनानं येणार होता. त्यांनी पंजा कानामागे धरला. ऐकू गेलं नव्हतं. असलं काही ओरडून सांगायचं नसतं, पण दुसरा इलाज नव्हता. मी ओरडले. शेजारीण दारात येऊन उभी राहिली, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला बघायला लागला, आणि मी पुन्हा तेच ओरडले, त्याला यायचंच होतं.

या वेळी त्यांना ऐकू गेलं. त्यांनी मान हलवली.

‘व्हय अम्मा,’ ते म्हणाले. ‘पण त्या दिवशी मी बोलावलो.’