मोटारीच्या मेंदूचे दंतवैद्य

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, हैदराबादेत चिक्कडपल्लीतील एका दातांच्या दवाखान्यात, रविवारी सकाळी, एका मोटारीचा मेंदू उघड्या अवस्थेत पेशंटच्या खुर्चीवर आढळून आला. मेंदूखाली स्वच्छ कागदी रुमाल अंथरलेला होता. वरून दिवा रोखलेला होता. आणि डोळ्यांवर भिंगांचा चष्मा चढवलेले एक गृहस्थ त्याच्यावर वाकून मोठ्या मायेने म्हणत होते, "हलू नका हं. दुखलं तर हात वर करा."

हे आमचे डॉक्टर.

माणूस असो की मशीन, वाक्य तेच. मी जवळच नल्लकुंट्यात राहतो. डॉक्टरांनी माझी अक्कलदाढ काढली, तेव्हापासून आमची मैत्री. अक्कल गेल्याशिवाय अशी मैत्री होत नाही, असं माझ्या घरातून वेळोवेळी सांगण्यात येतं.

डॉक्टरांचं घराणं पिढ्यान् पिढ्या हैदराबादचं. वडील सरकारी नोकरीत, थोरले भाऊ वकील, आत्या आणि काका शाळांमधून शिकवणारे. घरात सगळे मराठी बोलायचे, पण त्या मराठीत दखनीतले 'हौ' आणि 'नक्को' कुठून शिरायचे ते त्यांचं त्यांनाही कळत नसे. पुण्याहून आलेला एक पेशंट एकदा म्हणाला, "डॉक्टर, तुमचं मराठी जरा वेगळं आहे."

"हौ," डॉक्टर म्हणाले, "थोडं ट्यून केलंय. आ करा."

आता मोटारीचा मेंदू म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे. हल्लीच्या गाडीत एक लहानसा धातूचा डबा असतो. आपण पायाने पेडल दाबतो आणि समजतो की गाडी आपण पळवली. तसं काही नसतं. आपला पाय फक्त अर्ज करतो. तो किती मंजूर करायचा, इंजिनाला किती डिझेल सोडायचं, हे डब्यातला कॉम्प्युटर ठरवतो. त्याच्यात कंपनीने हजारो आकडे भरून ठेवलेले असतात आणि कुठला आकडा कशाचा, हे ती कुणाला सांगत नाही. ते आकडे बाहेर काढायचे, कोड्यासारखे सोडवायचे, आणि आपल्याला हवे तसे बदलून परत आत घालायचे, असा छंद असलेली माणसं जगभर आहेत. हैदराबादेतली अशी माणसं दर रविवारी डॉक्टरांच्या दवाखान्यात जमत.

तिथंच का, म्हणाल. तर डब्याचं झाकण चिकटवून बंद केलेलं असतं आणि ते उचकटायला दातांतली कीड खरवडायच्या हत्यारांसारखी हत्यारं दुसरी नाहीत. शिवाय आतल्या केसाएवढ्या टोकावर सुई टेकवून हात न हलवता धरावी लागते. ज्या माणसाने आयुष्यभर रडणाऱ्या पोरांच्या तोंडात सुई धरली, त्याला हा डबा म्हणजे अगदी समजूतदार पेशंट. थुंकायला उठत नाही, की बिल ऐकून दचकत नाही.

आकडे वाचायची त्यांची रीतही दंतवैद्याचीच. आकड्यांचा आलेख करून ते पडद्यावर पसरायचे आणि एक्स-रे बघावा तसं डोकं तिरकं करून बघायचे. मला ती नुसती काळी-पांढरी खरखर दिसायची.

"ही सगळी हिरडी," ते बोट फिरवत म्हणायचे. "हिरडी... हिरडी... अन् हे बघा, दाढ!"

आणि खरंच, त्या खरखरीत एका जागी ओळीने चढत गेलेले उंचवटे दिसायचे. डिझेल किती सोडायचं, त्याचा तक्ता तिथं असायचा. डॉक्टरांचा चेहरा असा खुलायचा, जणू दाढ स्वतः येऊन त्यांच्या पाया पडली.

रविवारच्या मंडळींत टायरच्या दुकानाचे मालक खाजाभाई होते आणि सॉफ्टवेअर कंपनीतला पुण्याचा एक तरुण होता. सगळ्यांचा देव एकच, आणि त्याचं नाव 'जोर'. कुणाची गाडी किती उसळते, ओव्हरटेक करताना कशी सुटते, याखेरीज तिथं बोलणं नसे. "डाक्टर साब, अपनी गाडी को थोडा और गुस्सा दिलाओ," असं खाजाभाई म्हणत, आणि डॉक्टर त्या गाडीला राग आणून देत.

माझ्या गाडीलाही त्यांनी एकदा आणून दिला. पहिल्या दिवशी मी सौभाग्यवतींना घेऊन निघालो. त्यांच्या मांडीवर बहिणीकडे न्यायचा कढीचा डबा होता. नारायणगुड्याचा सिग्नल सुटला, मी पेडलला नुसता पाय लावला, आणि पुढच्या क्षणी आम्ही पुढे आणि कढी मागे अशी परिस्थिती झाली. सौभाग्यवती पदर पिळत म्हणाल्या, "गाडीला तरी तुमचा स्वभाव द्यायचा नव्हता."

संध्याकाळी मी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "कढी कसली होती? मुळ्याची? मग बरं झालं."

पण मला सांगायचंय ते वेगळंच.

डॉक्टरांचे थोरले भाऊ, दादा, दवाखान्याच्या वरच्याच मजल्यावर राहत. निवृत्त वकील. पंचाहत्तरी उलटलेली, गुडघे पूर्ण गेलेले. जिना उतरतानाच त्यांचा दिवसाचा निम्मा जोर संपे. पण एकदा गाडीत बसले की दादा शहराचे राजे. सकाळी वाचनालय, मग इराण्याकडे चहा, संध्याकाळी जुन्या वकील मित्रांकडे पत्ते. वहिनी गेल्यापासून तर गाडी हेच त्यांचं घर झालं होतं. वरचा मजला फक्त झोपायला.

एके दिवशी चौकात वळताना दादांनी एका नारळवाल्याच्या हातगाडीला धक्का दिला. कुणाला लागलं नाही, फक्त शहाळी रस्ताभर घरंगळली. नारळवाला ओरडला, "एमय्या, कळ्ळु कनपडट्लेदा?" डोळ्यांनी दिसत नाही का, असा त्याचा सवाल. दादांनी खाली उतरून, रस्त्यावर कुणाचा हक्क आधी, यावर त्याला आवाज न चढवता, अस्खलित तेलुगूत असा युक्तिवाद ऐकवला की तो बिचारा शहाळी गोळा करायची विसरला. पण दादांच्या गाडीवर लांब ओरखडा उठला होता, आणि तो दादांच्या मुलाने पाहिला.

मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला, गच्चीबावलीला नोकरीला. वाईट मुळीच नाही, भित्रा. तो दवाखान्यात येऊन डॉक्टरांना म्हणाला, "काका, बाबांचा पाय आता जड पडतो. ब्रेकवर उशिरा जातो अन् पेडलवर जोरात. पुढच्या वेळी गाडीवर एक ओरखडा जरी दिसला, तर किल्ली मी घेऊन जाणार. ड्रायव्हर ठेवू."

वरून जिन्यातून दादांचा आवाज आला, "ड्रायव्हर ठेवा, नर्स ठेवा, मला कपाटात ठेवा!"

त्या रविवारी रात्री मंडळी पांगली तसे डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही थांबा. दादा जेवून झोपलेत. जिन्याशी उभं राहायचं."

मी पहारेकरी झालो. डॉक्टर लॅपटॉप घेऊन दादांच्या गाडीत शिरले, स्टिअरिंगखाली वायर जोडली. मी खिडकीतून कुजबुजलो, "डॉक्टर, अहो, दादांच्या गाडीला जोर? या वयात?"

"नक्को हो. उलटं करतोय." त्यांनी पडद्यावरून नजर काढली नाही. "आता पाय पडला की गाडी हल्लू निघेल. अगदी हल्लू. दादांचा पाय जड झाला ना? मग गाडीचे कान थोडे जड करायचे."

"आणि कधी पटकन निघायची वेळ आली तर?"

"तळापर्यंत दाबलं की सगळा जोर आहे तसाच ठेवलाय. तेवढी समज आहे मला. दार उघडू नका, आतला दिवा लागेल!"

सगळं एकदम मात्र त्यांनी केलं नाही. दर रविवारी थोडं थोडं. भूल अशीच द्यायची असते म्हणाले, हल्लू सोडली की सुई कळत नाही. आणि हे सगळं मंडळींपासून चोरून. ज्याच्याकडे अख्खं हैदराबाद जोर मागायला येतं, तो माणूस गाडीचा जोर काढून घेतोय, हे खाजाभाईंना कळतं तर त्यांनी रविवारचा चहा बंद केला असता.

दादांचे निष्कर्ष मी रोज ऐकत होतो. आधी ते म्हणाले, हवा दमट आहे, गाडी जड चालते. मग म्हणाले, पंपवाला डिझेलमध्ये भेसळ करतो, त्याला नोटीस पाठवली पाहिजे. आणि मग एके दिवशी पत्त्यांहून परत आले, किल्ली बोटात फिरवत दवाखान्यात डोकावले, आणि निकाल वाचून दाखवावा तसं म्हणाले, "धाकट्या, या शहरातली ट्रॅफिक सुधारली रे. लोक शहाणे झाले. हल्ली कुणी माझ्या अंगावर येत नाही."

डॉक्टर एका पेशंटच्या तोंडात वाकले होते. ते तसेच वाकून म्हणाले, "हौ दादा. सगळे म्हणतात." मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते, पण तुम्हाला सांगतो, एवढे खूश डोळे मी परत पाहिले नाहीत.

आता तो दवाखाना नाही. डॉक्टर गेल्या वर्षी मुलीकडे पुण्याला गेले. त्या जागी चष्म्याचं दुकान आलंय आणि रविवारी तिथं शटर ओढलेलं असतं. खाजाभाई जाता-येता शटरकडे बघून मान हलवतात. फोनवर डॉक्टर सांगतात की पुण्यात सगळं छान आहे, फक्त चहात दम नाही आणि कुणी गाडी उघडू देत नाही. पण ते जायच्या थोडं आधीचा एक प्रसंग सांगतो, आणि मग तुम्ही मोकळे.

मी खुर्चीवर होतो. दाढ भरायची म्हणून अर्धा जबडा बधिर, तोंडात कापसाचे बोळे. डॉक्टरांचा फोन वाजला. हातात मोजे, म्हणून त्यांनी कोपराने स्पीकर लावला.

"धाकट्या," दादांचा आवाज खणखणीत, "तू म्हणालास म्हणून गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. फार सज्जन माणसं. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये कंपनीचं नवं काहीतरी भरून दिलं. न मागता! निघालो मी."

फोन बंद. डॉक्टरांच्या हातातलं यंत्र हवेत तसंच फिरत राहिलं. ते पुटपुटले, "नवं भरलं म्हणजे माझं सगळं पुसलं." इतके रविवार त्यांनी प्रत्येक आकडा जपला होता, आणि सर्व्हिसिंग चुकवू नका म्हणून दादांच्या मागे लागलेही तेच होते. जोर काढताना दादांना सवयीला कितीतरी आठवडे मिळाले होते, आता एक दिवसही नव्हता. ते जड पायाने कोऱ्या करकरीत जोरावर बसून चिक्कडपल्लीकडे निघाले होते.

पुढच्या मिनिटाला आम्ही स्कूटरवर होतो. डॉक्टर मोज्यांसकट पुढे, मी गळ्यातल्या कागदी रुमालासकट मागे. मी "डावीकडून घ्या!" असं ओरडलो ते "आआईऊ ह्या!" असं बाहेर पडलं. शेजारच्या रिक्षातल्या बाईंनी आपल्या मुलाला दुसऱ्या बाजूला बसवलं.

नारायणगुड्याच्या बसस्टॉपजवळ दादांची गाडी दिसली. चारी दिवे लुकलुकत होते. भोवती माणसं. दादा बाहेर उभे, एक हात बॉनेटवर. ट्रॅफिकचा हवालदार त्यांना विचारत होता, "साब, गाडी में क्या हुआ?"

डॉक्टर स्कूटर माझ्या अंगावर टाकून धावले. आधी दादांना चाचपलं. मग गाडीभोवती फिरून बंपरवरून, दारांवरून, मोज्यातली बोटं फिरवली. पूर्ण फेरी मारली. कुठंही नवा ओरखडा नव्हता. सिग्नल सुटल्यावर गाडी उधळली होती आणि दादांनी ती कशीबशी कडेला आणून उभी केली होती, इतकंच.

"दादा," डॉक्टर धापा टाकत म्हणाले, "मी सांगतो तुम्हाला सगळं. माझंच..."

दादांनी त्यांना बोलू दिलं नाही. उभ्या हयातीत भर रस्त्यात आवाज न चढवलेला तो वकील बसस्टॉपवरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला,

"ही माझी गाडी नाही, धाकट्या! माझी गाडी मला सांभाळून घेते!"