उस्ताद आणि त्यांची तीनचाकी

उस्तादांना जगात कुणाचंच ड्रायव्हिंग पसंत नव्हतं. टॅक्सीत बसले की टॅक्सीवाल्याला शिकवायचे. लिटिल इंडियाला जाणाऱ्या बसमध्ये दांडीला लटकून उभे असले तरी प्रत्येक वळणाला "चुकला!" असं पुटपुटायचे. हाच माणूस सिंगापूरच्या लायसन्सच्या थिअरी टेस्टमध्ये दोनदा नापास झाला होता. त्याबद्दल विचारलं तर म्हणायचे, "प्रश्नच चुकीचे होते." 'उस्ताद' हे नाव इथल्या मराठी मंडळातल्या आम्ही टवाळांनी चेष्टेने ठेवलं होतं. त्यांना तो सन्मान वाटला.

एरवी ते बँकेत चांगल्या हुद्द्यावर होते आणि बुकित पंजांगला माझ्याच ब्लॉकमध्ये राहायचे. मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज साहेबाने आपली महायुद्धाच्या आधीची तीनचाकी मोटार त्यांच्या गळ्यात मारली आणि उस्तादांना आयुष्याचा अर्थ सापडला. पुढे दोन चाकं, मागे एक, इंजिन नाकासारखं बाहेर लोंबतंय, डोक्यावर छप्पर नाही. अशा गाड्या बाळगणाऱ्या हौशी लोकांचा एक क्लब होता. वर्षातून एकदोनदा तुआसमधल्या कारखान्यांमागचा रस्ता परवानगीने बंद करून हे लोक शर्यत लावायचे.

तीनचाकी वळणावर उलटू नये म्हणून शेजारी बसणाऱ्याने आतल्या बाजूला अंग झोकून द्यावं लागतं. या कामासाठी उस्तादांनी मला निवडलं. का, तर "तू बुद्धीने सामान्य आहेस, पण वजनाने योग्य आहेस." मी इंजिनियर आहे हे त्यांच्या खिजगणतीतही नव्हतं. शर्यतीच्या आधी ते माझ्या पोटाकडे पाहून "नाश्ता झाला ना नीट?" एवढंच विचारायचे. ती माया नव्हती.

हरल्यावर मात्र त्यांची प्रतिभा फुलायची. एकदा हवेत दमटपणा जास्त होता. सिंगापुरात! एकदा पेट्रोल शिळं होतं. एकदा निशाण दाखवणाऱ्या बाईने त्यांच्याकडे बघून निशाण उशिरा खाली केलं. हॉलमधल्या कपाटात त्यांनी चकचकीत चषक मांडून ठेवले होते आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते बघावेच लागत. एकदा त्यांची शाळकरी मुलगी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "Papa, everybody who joins gets one lah." वहिनींनी शांतपणे पाहुण्यांना आणखी पोहे वाढले.

त्यांना सगळ्यात जास्त झोंबायच्या त्या मिस लिम. निवृत्त शिक्षिका, साठी ओलांडलेल्या, गळ्यात चष्म्याची साखळी. त्यांचीही तशीच तीनचाकी होती आणि शेजारी त्यांची धाकटी बहीण झुकायची. "भाजी आणायला निघाल्यासारखी चालवते," असं उस्ताद म्हणायचे. ही भाजी आणणारी बाई त्यांना दर वेळी अर्धी फेरी मागे टाकायची आणि शर्यत संपल्यावर वरून थर्मासमधला बार्लीचा थंडगार चहा पाजायची. उस्ताद तो पीत नसत. मी पीत असे. त्यावरूनही मला बोलणी बसत.

शेवटच्या शर्यतीत कसं कोण जाणे, आम्ही अखेरच्या फेरीपर्यंत मिस लिमच्या पुढे राहिलो. शेवटचं डावं वळण आलं आणि आतल्या बाजूने त्यांचं इंजिन ऐकू यायला लागलं. नियमाने वाट त्यांची होती. मी ओरडलो, "उस्ताद, जाऊ द्या तिला!" उस्तादांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी वेग आणखी वाढवला. मी डावीकडे जितकं झुकता येईल तितकं झुकलो; डांबर माझ्या कानाजवळून सरकत होतं. तरीही डावं चाक उचललं गेलं, गाडी बाहेर फेकली गेली आणि उजव्या कुशीवर पडली. मी उस्तादांच्या डोक्यावरून उडून गवतात आपटलो. डाव्या कोपराचा जो आवाज झाला तो इंजिनच्या आवाजातही मला ऐकू आला.

जिंकत आलेली शर्यत सोडून मिस लिम गाडी थांबवून पळत आल्या. आपल्या स्कार्फने त्यांनी माझा हात छातीशी बांधला. उस्ताद खरचटलेल्या गुडघ्यांनी माझ्या पायाशी बसून राहिले.  अँब्युलन्समध्येही ते माझ्या पायाशीच बसले. मला आलेल्या प्रत्येक हुंदक्याबरोबर ते माझा पाय घट्ट धरायचे.

वाटलं, माणूस बदलला. कसला बदलतोय! आठवड्याभरात मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांचा लांबलचक खुलासा आला: रस्त्यावर तेल सांडलेलं होतं. तेल कुणीही पाहिलं नव्हतं. माझ्या कोपरात तेव्हा दोन स्क्रू होते आणि उस्तादांच्या खुलाशाखाली पंधरा अंगठे. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. लिफ्टमध्ये भेटले तर मी मजल्यांचे आकडे बघायचो.

पुढे बँकेने त्यांची जागाच रद्द केली आणि पुण्याला परत जायचं ठरलं. गाडी त्यांनी विकली. कुणाला, ते वहिनींकडून कळलं: मिस लिमना, आणि तेही त्यांच्या घरी स्वतः जाऊन. वहिनी म्हणाल्या, "चहा पिऊन आले, भावोजी. दोन कप."

चांगी विमानतळावर मी गेलो तो वहिनींसाठी. बॅगा चेक-इन झाल्यावर उस्ताद माझ्यासमोर आले. त्यांनी माझा डावा हात हातात घेतला आणि हळूच ताणून पाहिला.

"सरळ होत नाही?"

"नाही. एवढाच होतो."

बराच वेळ त्यांनी तो सोडला नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिला जाऊ द्यायला हवं होतं मी." मी उजवा हात त्यांच्या खांद्याकडे नेला. तेवढ्यात त्यांनी पुस्ती जोडली, "पण तूही जरा उशिराच झुकलास."

"मूर्ख आहात तुम्ही, उस्ताद," मी म्हणालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्यांच्या तोंडावर.

उस्तादांनी मान डोलावली. आमचं दोघांचं एकमत झालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.