कात टाकायचे दिवस

चैत्राली पोतनीस मिनेसोटातल्या एका स्टेट पार्कात अकरा वर्षं निसर्गमार्गदर्शक आहे. पानं, पक्षी, बर्फातले पायांचे ठसे, सगळं ती पोराबाळांना हौसेनं दाखवते. फक्त सापाला ती अजूनही आपल्या आईसारखी 'जनावर' म्हणते, आणि ते हातात घेऊन दाखवायचं काम तिचा सहकारी कार्ल करतो. ही वाटणी दोघांत कधी बोलून झालेली नाही.

त्या शनिवारी सापाच्या कार्यक्रमाच्या ऐन वेळी कार्लची दाढ दुखली आणि तो आलाच नाही. पहिल्या रांगेत चैत्रालीची नऊ वर्षांची नैना चार मैत्रिणींना घेऊन बसली होती. आपली आई साप हातात घेणार, असं तिनं शाळाभर सांगून ठेवलं होतं.

आत कोणी थोर व्यक्ती झोपली असावी, इतक्या अदबीनं चैत्रालीनं पेटीचं झाकण उघडलं. सापाचे डोळे दुधाळ निळे झाले होते. म्हणजे तो कात टाकणार होता, आणि अशा दिवसांत त्याला हात लावायचा नाही, हा पार्कचा लेखी नियम. इतकं सुंदर वाक्य तिनं आयुष्यात दुसरं वाचलं नव्हतं.

झाकण लावून ती वीस मिनिटं कात या विषयावर इतकं रंगून बोलली, की एका आजोबांनी टाळ्या वाजवल्या.

घरी जाताना तिनं गाडीत कबूल करून टाकलं, "खरं सांगू? मला त्याची भीती वाटते गं."

"थँक गॉड!" नैना सीटवर सैलावली. "आधी मी टच करणार, असं मी सगळ्यांना सांगितलेलं."

"मग पुढच्या शनिवारी?"

"मला फीव्हर आहे."

"मलाही येईल बहुतेक," चैत्राली म्हणाली.