आत्तीचं मुसकं

देवानं माणसाला नाक दिलंय ते राखायला, दुसऱ्याच्या भानगडीत खुपसायला नव्हे, हे ज्ञान अख्ख्या सांगलीत एकाच बाईला झालं होतं आणि ती बाई नेमकी आमची आत्ती निघाली. आत्ती म्हणजे वडिलांची थोरली बहीण. साताऱ्याकडच्या एका फौजी घरात दिलेली. नवरा पलटणीतून परत आला तो खोकला घेऊनच, आणि दोन वर्षांत गेला. त्याचा एक पांढरा फेटा तेवढा पेटीत घालून ती आमच्याकडे राहायला आली. आमचं घर हळदीच्या पेठेत, वडील तिथंच पोती तोलणारे तोलार. हंगामात हळदीच्या चाळण्या सुरू झाल्या की आमच्या भाकरी पिवळ्या, दोरीवरची धोतरं पिवळी आणि कुंकू पुसलेलं आत्तीचं कपाळही पिवळं. "नशिबानं पुसलं आन् पेठंनं लावलं!" असं म्हणून ती खो खो हसायची. आई मात्र अशा वेळी चुलीकडं तोंड फिरवायची.

माझी धाकटी बहीण तानी तेव्हा आठेक वर्षांची होती. हंगाम आला की तिच्या छातीत शिट्टी वाजायची, ओठ निळे पडायचे. वैद्यबुवांनी नाडी बघून सांगितलं, पोर जगवायची असेल तर पेठ सोडा. पेठ सोडून खायचं काय? आत्ती कंबरेला पदर खोचून उभी राहिली. "पेठ बी सुटत न्हाई आन् पोरगी बी मी सोडत न्हाई. मळणीला बैलाच्या तोंडाला मुसकं बांधता नव्हं? त्यानं धान्य खाऊ नये म्हणून! मग पोरीनं धूळ खाऊ नये म्हणून तिला बांधाय काय झालं?"

आता कापड कुठलं? लढाईचे दिवस, कापड मिळायची मारामार. आत्तीनं आधी घरातल्या चिंध्या काढल्या. वडिलांचं जुनं धोतर, माधवनगरच्या गिरणीतला मांजरपाट, जतच्या धनगराकडून मागून आणलेला घोंगडीचा तुकडा. एकेक फडकं स्वतःच्या नाकावर बांधायची, चाळणीशेजारी एक पोतं चाळून होईतो उभी राहायची आणि मग उन्हात जाऊन आतली बाजू बघायची. आत पिवळं दिसलं की फडकं नापास. घोंगडी बांधून उभी राहिली त्या दिवशी तर भोवळ येऊन पोत्यावरच बसली. शुद्धीवर आल्यावर म्हणते कशी, "कापड लय झकास हाय. आत काय बी आलं न्हाई, पर मीच भाईर चालली हुती!"

आठ दिवसांनी निकाल लागला. "धोतरातनं धूळ गळतीया, मांजरपाट श्वास कोंडतोय. लहान पोराला असं पायजे की धूळ अडावी, पर हसू अडू नये." आणि तिनं पेटी उघडून फेटा बाहेर काढला. धुऊन धुऊन सायीसारखा झालेला. चार पदर करून चाळणीशी उभी राहिली. आतली बाजू पांढरीशुभ्र! वडील कासावीस झाले. "आक्का, दाजींचं तेवढं एकच ऱ्हायलंय गं."

"ते खोकून गेले. त्यांच्या फेट्यासमोर ही बी खोकूनच जाऊ दे म्हणतोस व्हय?" असं म्हणून तिनं कात्री लावली.

एकट्या तानीला बांधलं तर पोर लाजेल, म्हणून साऱ्या घराला मुसकी! त्यातही बाईचा बारकावा केवढा. तानीचं नाकाशी सैल, हनुवटीशी घट्ट. माझं कानामागून, कारण मी गाठ सोडतो. वडिलांचं मिशीला माया ठेवून. पेठेत हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. "तोलाराच्या घरात मळणी काढलीया!" एक अडत्या तर रागानं लाल झाला. म्हणाला, "हळद म्हंजी लक्ष्मी. तिच्याम्होरं नाक झाकता?" आत्ती म्हणाली, "लक्ष्मी हाय तर पाया पडती की. पर शेटजी, हळद अंगाला लावायची असती, फुफ्फुसाला न्हाई!"

खरी गंमत झाली ती साताऱ्याकडं जत्रेला निघालो तेव्हा. बेचाळीसच्या चळवळीनंतरचा काळ, तोंड झाकलेला माणूस दिसला की पोलिसांना तो भूमिगतच वाटायचा. धुळीच्या रस्त्यावर जमादारानं आमची प्रवासी मोटार अडवली. आत बघतो तर ओळीनं पाच तोंडं झाकलेली! "सोडा ती फडकी," तो ओरडला, "न्हाईतर मुसक्या बांधून नेईन!"

"आवं, सकाळीच बांधल्यात की," आत्ती म्हणाली. "घट्ट हायत. बघा वडून."

मोटारीत हशा पिकला आणि जमादार भडकला. त्यानं तानीच्या गाठीला हात घातला. बाहेर धुरळ्याचा लोट उठला होता. आत्तीनं त्याचं मनगट धरलं. आपलं मुसकं काढून पदरात टाकलं, डोईवरचा पदरही मागं सारला. "ह्ये माजं तोंड. हवं तितकं बघा. न्या मला. पर पोरीची गाठ सुटणार न्हाई." जमादार तिच्या मोकळ्या कपाळाकडं बघत राहिला, मग खाली उतरला आणि मोटार सोडायला सांगितली. त्यानंतर साताऱ्यापर्यंत आत्तीच खोकत होती.

तानी जगली. शिट्टी हळूहळू थांबली. स्वराज्य आल्यावर पाचेक वर्षांनी तिचं लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी सवाष्णी जमल्या आणि जन्मभर कुणाच्या बापाला न भिलेली आमची आत्ती रीत म्हणून मुकाट्यानं घरामागच्या परड्यात जाऊन बसली. मला ते बघवेना. तानी पाटावर बसली आणि म्हणाली, "पयली हळद आत्ती लावंल. न्हाईतर कुणीच लावू नगा." बायका कुजबुजल्या, "विधवेच्या हातची?" तानी हलली नाही. शेवटी आईच परड्यात गेली. "वन्सं, उठा. तुमच्या पोरीनं हट्ट धरलाय."

आत्ती आली. हळदीच्या वाटीत हात घालणार, तोच थबकली. कनवटीला खोचलेलं तानीचं फडकं काढलं आणि म्हणाली, "ताजी दळल्याली हाय, अजून कालवल्याली न्हाई, उडतीया. आधी मुसकं बांध." तानीनं ते आपल्या तोंडाला बांधलं. त्यामुळं आमच्या तानीला हळद लागली ती फक्त डोळ्यांच्या वर. बाकी तोंड कोरं. सवाष्णींनी कपाळाला हात लावला. आत्तीचे डोळे मात्र भरून वाहत होते, आणि ती म्हणत होती, हळदच झोंबतीया.

आत्ती जाऊन बरीच वर्षं झाली. ते मुसकं तानीनं माझ्याकडं ठेवायला दिलंय. बाहेरून त्याचा पिवळा रंग अजून जात नाही. कधी आठवण आली की मी ते उन्हात नेऊन उलटं करून बघतो. आतली बाजू पांढरीच आहे.